घंगाळाच्या तळाशी गेलेली वाटी

माझ्या फजित्या तुम्हाला नव्या नाहीत. पहिल्या दिवाळसणाला मेव्हण्यांना पोहून दाखवायला गेलो आणि त्यांनीच मला दोर टाकून विहिरीबाहेर काढलं, हे सगळ्या ठाण्याला ठाऊक आहे, मीच सांगितलं. साहेबाच्या टोपीवर बसलो, तेही मीच सांगितलं. पण एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे. कितीदा तरी सांगितली आहे. पण खोटी.

ती आमच्या वडिलांची आहे. तात्यांची.

कल्याणात तात्या नुसते आमचे नव्हतेच. पटकीची साथ आली तेव्हा लोक घरं टाकून गेले, आणि तात्या मागे राहून आळीतल्या सगळ्यांची गुरं पाण्यावर नेत राहिले. उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढायला पहिली पाटी तेच डोक्यावर घेत. आणि स्मरण! कुठलं फणसाचं झाड कुणाच्या वाटणीत गेलं, कुणाच्या आजोबांनी कुणाला काय शब्द दिला होता — लोक वाद घालत घालत आमच्या ओटीवर यायचे आणि तात्या सांगतील ते ऐकून, सुपारी तोंडात टाकून परत जायचे. खाडीत फक्त गलबतं होती तेव्हापासूनचं सगळं गाव त्यांच्या डोक्यात होतं.

म्हणूनच लग्नाची घटकाही त्यांच्याकडे. आता घरोघर घड्याळं झाली, तेव्हा नव्या मंडळींना सांगायला हवं. लग्नाच्या दिवशी सूर्य उगवला की तात्या पाण्याने भरलेलं घंगाळ पुढ्यात घेऊन बसत. त्यात तांब्याची एक पातळ वाटी सोडायची, तिच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरत भरत बुडाली की एक घटका झाली. ती लगेच उचलून, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढायचं. मुहूर्ताइतकी बोटं भरली की अंतरपाट दूर. इतकं सोपं काम. नजर मात्र हलवायची नाही.

आळीतल्या बापूरावांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात वरमाय रुसली. पाय धुवायला पाणी गार दिलं की कढत दिलं, असं काहीतरी. अशा वेळी बोलावणं कुणाला? तात्यांनाच. ते उठले आणि मला म्हणाले, "सदू, पाण्यावरून नजर काढू नकोस."

मी काही पोर नव्हतो. ठाण्याच्या कोर्टात कारकून होतो, दोन मुलांचा बाप होतो, मिशीला पीळ होता. बसलो. आणि समोर वऱ्हाडात एक तारमास्तर — कोटाला रुपेरी साखळी, साखळीला घड्याळ. ते जवळून बघावंसं वाटलं. खरं सांगू? मला घड्याळातलं कळतं, हे चार लोकांना दिसावं असं वाटलं. गेलो. कानाला लावलं, टिकटिक ऐकली, मान डोलावली, साहेबाच्या घड्याळाच्या दोन थापा मारल्या. मागे खरी वेळ बुडत होती आणि मी वेळेवर व्याख्यान देत होतो.

परत आलो तर वाटी तळाशी.

केव्हाची? कोण सांगणार? तात्यांना हाक मारली असती तर त्यांनी अंगणात जाऊन सावली मोजली असती, हिशेब जुळवला असता, मला चार शब्द ऐकवले असते. एवढंच. पण चार लोकांत शब्द ऐकायचे — ह्या कारकुनाने? मी वाटी उचलली, पुन्हा पाण्यावर सोडली, एक बोट ओढलं आणि पाण्याकडे असा टक लावून बसलो की पाहणाऱ्याला वाटावं, हा सकाळपासून हललेला नाही.

तात्या आले, बसले. पुढच्या वाट्या त्यांनी मोजल्या. लग्न लागलं, अक्षता पडल्या.

जेवणाच्या आधी तारमास्तर हळूच म्हणाला की आगगाडीच्या वेळेवर लावलेल्या त्याच्या घड्याळाने मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. म्हातारी मंडळी उसळली; आगगाडीची वेळ आगगाडीला, आमची आम्हाला. तिथेच मिटलं असतं. पण तात्या गुपचूप अंगणात गेले, सावली मोजून परत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, उशीर झाला आहे. मग माझ्याकडे वळले. संशयाने नव्हे — सोबत्याला विचारावं तसे.

"सदू, मी नसताना सगळं नीट होतं ना?"

इथे थांबतो जरा. ह्यापुढचं लिहायला मी इतकी वर्षं घेतली.

मी म्हणालो, "माझ्याकडे नीटच होतं, तात्या. तुम्ही येऊन बसल्यावर एक वाटी बुडाली, ती उचललीत, पण बोट ओढायचं राहिलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मला वाटलं, तुमच्या लक्षात असेल."

ते भिंतीकडे बघत राहिले. मग आपल्या बोटाकडे, ज्यावर कुंकू अजून ओलं होतं. "असेल," म्हणाले. "राहिलं असेल." आणि त्यांच्या डोळ्यांसमोर लहानाचे मोठे झालेल्या बापूरावांपुढे त्यांनी हात जोडले.

त्या जोडप्याचं काही बिघडलं नाही. सुखात आहेत, चार मुलं आहेत. ह्यावर मी स्वतःची बरीच वर्षं समजूत घातली.

बिघडलं ते तात्यांचं. पुढे लग्नांना घड्याळं आली, ते तर यायचंच होतं. पण ओटीवर कुणी वाद घेऊन आलं की ते म्हणू लागले, "मला आठवतं असं, पण माझ्या शब्दावर जाऊ नका." आधी लोक हसायचे. मग येईनासे झाले. आणि मी? मी दर रविवारी कल्याणला जायचो, त्यांच्याजवळ बसायचो, गमती सांगून त्यांना हसवायचो.

शेजारच्या काशीकाकूंचे यजमान वारले आणि दिराने त्यांना परसदारची खोली सोडायला सांगितलं. ती खोली वाटणीत यजमानांना मिळाली होती, पण तोंडी. ऐकणाऱ्यांत एकटे तात्याच उरले होते. दावा आमच्याच कोर्टात आला. मी खाली मेजाशी लेखणी घेऊन बसलो होतो. तात्या उभे राहिले, खोलीचं सगळं सांगितलं — कोण कुठे बसलं होतं, कोण काय बोललं. काशीकाकूंनी पदराने डोळे पुसले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, ते म्हणाले, "पण साहेब, माझ्या आठवणीवर कुणाचं घर ठरवू नका. भर मांडवात वाटी मोजायला विसरलेला माणूस आहे मी."

मी ते लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलं.

काशीकाकू पनवेलला भावाकडे गेल्या. तिथेच वारल्या, भावजयीच्या स्वयंपाकघरात राबत.

तात्या पुढे पुष्कळ जगले. गेले तेव्हा अख्खं कल्याण खाडीपर्यंत चालत आलं, आणि जो तो कोर्टातली तीच गोष्ट सांगत होता — असा सत्यवचनी माणूस, स्वतःची चूक स्वतः सांगणारा. ती गोष्ट ठाण्यात मी आणली. बैठकीत मीच रंगवून सांगतो, वरमायेचा फुरंगटलेला आवाज काढतो, लोक हसतात, शेवटी गहिवरतात. तुम्हीही माझ्याच तोंडून ऐकली असेल.

तात्यांनी एकही वाटी चुकवली नव्हती. काशीकाकूंची खोली काशीकाकूंचीच होती.