मागच्या चाकाचा ठसा

दादाची गाडी मी आपटली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, दादाला तर नाहीच.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दहिवलीत आमची घरं शेजारी-शेजारी. शाळेची पोरं नेणाऱ्या त्याच्या तीन व्हॅन चालतात, शिवाय घरची ही पांढरी गाडी. ती तो कोणाच्या हातात देत नसे. त्या वेळी तो आठवडाभर पुण्याला गेला होता. जाताना किल्ली माझ्यापुढे धरून म्हणाला, "नवीन टायर टाकलेत. आपल्या मिस्त्रीकडे नेऊन अलाइनमेंट करून घे. आणि सांभाळून रे बाबा!" माझं वय तेव्हा एकोणपन्नास.

सकाळी मिस्त्रीकडे जायचं ते सोडून मी आधी खालापूरला तहसील कचेरीत गेलो. माझं स्वतःचं काम होतं, दादाच्या गाडीचं तिथे काही काम नव्हतं. परतताना आतल्या रस्त्याने आलो आणि ओढ्यावरच्या एका अरुंद मोरीवर डावीकडे वळताना मागचं चाक कठड्याला जोरात आपटलं. उतरून पाहिलं. रिमवर पांढरा ओरखडा होता. मी त्यावर चिखल चोळला आणि सरळ मिस्त्रीचं दुकान गाठलं.

मिस्त्री नेरळकडचा, माझ्याच वयाचा. बोलणं कमी, पण त्याची एक रीत होती. गाडी मशीनवर चढवण्याआधी तो मालकाला विचारायचा. मलाही विचारलं.

"भाऊ, कुठं आपटली-बिपटली नाय ना?"

"नाही."

"मागचं चाक? मोरीला, दगडाला?"

"नाही म्हटलं ना!"

त्याने मान डोलावली. स्टिअरिंग सरळ धरून बांधलं आणि पुढची चाकं मशीनवर जुळवून बसवली. मग म्हणाला, "चला, एक चक्कर मारून येऊ. चालवल्याशिवाय मी गाडी सोडत नाय." मी घड्याळ दाखवलं. घाई आहे, म्हटलं. तो नाइलाजाने बाजूला झाला.

घरी येईपर्यंतच स्टिअरिंग डावीकडे कललेलं मला दिसत होतं. रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि हातातलं चाक वाकडं.

दादा आला, गाडी घेऊन भिसेगावपर्यंत गेला आणि परत येऊन दारातच उभा राहिला. "ही अलाइनमेंट करून आणलीस?"

"केली त्याने," मी म्हणालो. "काय केली कोणास ठाऊक."

एवढंच बोललो. पण ते वाक्य घेऊन दादा तडक मिस्त्रीच्या दुकानात गेला. मला बरोबर जावंच लागलं.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दादाचा आवाज मोठा. "डोळे मिटून काम करतोस काय रे? माझ्या तीन व्हॅन येतात तुझ्याकडे. त्यात पोरं बसतात, पोरं!"

मिस्त्री सरळ गाडीपाशी गेला. आधी चारही टायरांतली हवा पाहिली. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलले. मग आम्हा दोघांना बसवून खोपोली रस्त्याला निघाला, जाताना आणि येताना गाडी चालवली, म्हणजे रस्ता एका अंगाला उतरता असल्याचा दोष असेल तर कळावं. स्टिअरिंग दोन्ही वेळा डावीकडेच.

दादा वैतागला. "अरे, स्टिअरिंगच काढ आणि सरळ बसव. हाय काय नि नाय काय!"

"शेठ, फोटो वाकडा दिसतो म्हनून भिंत नाय पाडत," मिस्त्री म्हणाला. "आन् फोटो सरळ केला तर भिंत वाकडी हाय हे दिसायचं बंद व्हतं. ते जास्त वाईट."

गिऱ्हाइकांतला एक हसला. दादाही थोडा निवळला.

मग मिस्त्रीने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. दुकानासमोरच्या कोरड्या काँक्रीटवर बादलीभर पाणी ओतलं, गाडी त्यातून अगदी हळू, सरळ पुढे नेली, उतरला आणि उकिडवा बसला. ओल्या चाकांचे ठसे उमटले होते. डावीकडे मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या बोटभर बाहेर. उजवीकडे तेवढाच आत. म्हणजे गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. मागचा अॅक्सल वाकला होता. पुढची चाकं कितीही सरळ बसवली तरी स्टिअरिंग सरळ राहणार नव्हतं. एवढं मोठं मशीन शेजारी असताना त्याने पाण्याने आणि डोळ्याने दोष पकडला. खात्रीसाठी त्याने गाडीच्या कडेने सुतळी ताणली. तीही तेच बोलली.

मग तो डाव्या मागच्या चाकापाशी वाकला. अंगठ्याने रिमवरचा सुकलेला चिखल खरवडला. खालचा ओरखडा दिसला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

दादाने विचारलं, "मग हे आधी का नाही दिसलं तुला?"

मी तोंड उघडायला हवं होतं. मी पाण्याचे ठसे बघत राहिलो.

"मी मागं बघितलं नाय, शेठ," मिस्त्री म्हणाला. "बघायला पायजे होतं. चूक माझी."

मला विचारलं होतं हे तो बोलला नाही. चक्कर मारू म्हणाला होता, हेही नाही. चारचौघांत त्याने माझी लाज झाकली आणि त्यासाठी स्वतःच्या हुन्नराला बट्टा लावून घेतला.

दादाला वाटलं, गाडी व्हॅनच्या ड्रायव्हरने कधीतरी आपल्या नकळत नेऊन आपटली असेल. अॅक्सल त्याने दुसरीकडे बदलून घेतला. व्हॅनही मिस्त्रीकडे जायच्या बंद झाल्या, आणि दादा जिथे चहाला बसतो तिथे "तो मागचं बघतच नाही" हे वाक्य पसरलं. गावात मिस्त्रीचं नावच त्याचं दुकान असतं.

काही महिन्यांनी मी एकटाच त्याच्याकडे गेलो. तो एका टेंपोखाली आडवा झाला होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "आता कुनाला विचारत नाय, भाऊ. सगल्यांच्या खाली सोताच जातो. कंबर गेली, पन बरं हाय."

त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्याकडं काय मागता?" आणि परत टेंपोखाली गेला.

बरोबर होतं त्याचं. त्याच्याकडे मागून काहीच फिटत नाही. दादाला त्या दुकानात घेऊन जायचं आणि मिस्त्रीच्या देखत, गिऱ्हाइकं असतील त्यांच्याही देखत सांगायचं, की याने मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं बोललो. एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.