यशाभाऊंचा शंभरावा गोल

फोन आला तेव्हा मी झरीच्या घरी अंगणात दाढी करत बसलो होतो. रहीमचाचांचं नाव दिसलं आणि तोंडावरचा फेस तसाच ठेवून मी फोन उचलला. कारण पूर्णेहून चाचा मला स्वतःहून कधी फोन करत नसत. आमची ओळख वीस वर्षांची, पण ती भांडणाची. "कीपर, यशा गेला रे," एवढंच म्हणाले. पाठीमागे स्टेशनातली गाडीची घोषणा ऐकू येत होती. "पहाटं छातीत दुखायलंय म्हनला. दवाखान्यात नेस्तोवर संपलं." मी सुन्नपणे तोंड धुतलं आणि अर्धवट दाढीनंच परभणीची जीप पकडली.

यशवंत खिल्लारे हे नाव पूर्णेबाहेर फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. रेल्वेत फिटर होते आणि कॉलनीच्या फुटबॉल संघाचे सेंटर फॉरवर्ड. आमच्या भागात फुटबॉल म्हटलं की लोक नवलानं बघतात, पण पूर्णा जंक्शनचं गाव. कोळशाच्या इंजिनांच्या काळात कुठून कुठून बदलून आलेली माणसं तिथं राहिली आणि जाताना हा खेळ मागे ठेवून गेली. यशाभाऊंचे वडील गँगमन. ड्युटीवरून आले की रुळाकाठच्या मोकळ्या जागेत पोराला चिंध्यांचा चेंडू करून द्यायचे. त्यावर तयार झालेला डावा पाय पुढं वीस वर्षं परभणी-नांदेडकडच्या गोलकीपरांची झोप उडवत राहिला. मी त्यांच्याविरुद्ध खेळलो तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. केस मागे हटलेले, चाल किंचित वाकलेली. धावायचे कमी, पण चेंडूजवळ पोचायचे सगळ्यांच्या आधी.

त्या वर्षी पूर्णेच्या संघाचे दिवस बरे नव्हते. मधल्या फळीतले दोघं बदली होऊन गेले, प्रशिक्षक भांडून घरी बसला, ओळीनं तीन सामने हरले. या वर्षी कप आला नाही तर संघ मोडायचा, असं वरून कानावर आलेलं. आणि नेमके त्याच वर्षी यशाभाऊंचे नव्व्याण्णव गोल झालेले. स्टेशनसमोरच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. रहीमचाचा तेव्हा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. ड्युटी संपली की टेबलावर हात आपटून म्हणायचे, "शंभर झाल्याबिगर यशानं बूट उतरवायचे न्हाईत." समोर शाळेतले बालाजी मास्तर. ते म्हणायचे, "चाचा, संघ बुडायलाय अन् तुमी गोल मोजायलात! त्यांना बसवा, नव्या पोरांना खेळवा." आणि हे सगळं चालायचं खुद्द यशाभाऊ शेजारच्या टेबलावर बशीत चहा ओतून पीत असताना. ते मान वर करायचे नाहीत. नंतर एकदा त्यांनीच मला सांगितलं, "दोघांचंबी खरं होतं रे. ऐकून ऐकून पायात गोळे यायचे."

तरी कपच्या स्पर्धेत संघ कसाबसा अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि तो सामना परभणीला झाला. मी परभणीच्या संघाचा गोलकीपर होतो, तेवीस वर्षांचा. दोन्हीकडं गोल नाही, चारपाच मिनिटं उरलेली. डावीकडून चेंडू आला, यशाभाऊंनी तो थांबवलाच नाही, तसाच मारला. मी जवळच्या खांबाला चिकटून उभा होतो. चेंडू माझ्या हाताच्या, खांबाच्याही बाहेरून गेला, आणि बाजूची जाळी जिथं फाटलेली होती तिथून आत शिरून गोलात येऊन थांबला. मी पाहिलं. चार पावलांवर उभ्या असलेल्या यशाभाऊंनीही पाहिलं. आमची नजरानजर झाली... आणि गोल दिल्याची पंचांची शिट्टी वाजली. पंच खेळाडूंच्या घोळक्यामागं होते, बाजूच्या पंचाच्या डोळ्यावर सूर्य होता. मी ओरडत धावलो तोवर पूर्णेची माणसं मैदानात घुसली होती. कुणी जाळीला लोंबकळलं, ती खालपर्यंत फाटली. मग भोक आधीचं कुठलं आणि आत्ताचं कुठलं, हे कोण सांगणार? रहीमचाचांनी यशाभाऊंना खांद्यावर घेतलेलं. वर बसलेला माणूस खाली बघत होता.

परभणीत माझं कुणी ऐकलं नाही. "कीपरनं सोडला अन् आता जाळीला नावं ठेवायलाय," असं माझ्याच संघातले बोलले. पुढच्या वर्षी मला घेतलं नाही. मी हातमोजे एका मित्राला देऊन टाकले, झरीला शाळेत कारकून म्हणून लागलो आणि फुटबॉलचं नाव टाकलं. त्या माणसाचा राग मात्र टाकता आला नाही.

दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. विचारत विचारत आले होते. आईनं पाणी दिलं, चहा ठेवला. कप समोर आला तरी ते हात लावीनात. "आधी बोलतो, मंग पितो," म्हणाले. "कीपर, तुझं खरं होतं. बॉल भाईरून आला. मी बघितला होता."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

"संघ मोडायलता. वाटलं, कप आला तर टिकंल." ते थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "अन् आता खोटं कशाला बोलू... शंभरबी पायजे होते मला."

"टिकला का संघ?"

"न्हाई. मागच्या म्हयन्यात मोडला."

दोन वर्षांत मनात शंभरदा जुळवलेलं भांडण होतं. ते 'शंभरबी पायजे होते मला' या एका वाक्यापुढं उभंच राहीना. एखाद्यानं नुसती संघाची सबब सांगितली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती आतून म्हणाली, "भाऊ, चहा निवायलाय." यशाभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "घ्या." आमच्यात माफी म्हणून जे काही झालं ते एवढंच.

त्याच आठवड्यात त्यांनी मला पूर्णेला नेलं आणि हॉटेलात सगळ्यांसमोर सांगितलं, की आपले गोल नव्व्याण्णव. मला वाटलं, आता कल्लोळ होईल. तर लोक हसले! रहीमचाचा म्हणाले, "यशा, तू लय भोळा हायस. ह्या झरीच्या पोरानं तुझे कान भरले." बालाजी मास्तरांना तर भरूनच आलं. हा मनाचा मोठेपणा, म्हणाले. ज्यांनी त्यांना बसवा म्हणून वर्षभर डोकं खाल्लं, तेच आता शंभराच्या बाजूनं! पुढं महिन्यातून एखाद्या रविवारी मी पूर्णेला जात राहिलो, यशाभाऊंच्या घरी कमलवहिनींच्या हातची भाकरी खात राहिलो, आणि दरवेळी हॉटेलात तोच वाद. यशाभाऊ म्हणायचे नव्व्याण्णव, बाकी सगळे म्हणायचे शंभर, आणि फितवणारा मी. वरून हसण्यावारी जायचं, पण त्यांना ते लागत होतं. एकदा मला गाडीत बसवायला आले तेव्हा फलाटावर म्हणाले, "कीपर, मी गप बसलो ते लोकांनी लगेच खरं मानलं. खरं बोलायलोय तर म्हनतात, मोठेपना हाय. आता मी कुठं जाऊ?"

यशाभाऊंच्या पुण्यानुमोदनाला विहार भरून माणसं होती. वंदना झाली, आठवणी सुरू झाल्या. बालाजी मास्तरांनी जाहीर केलं की मैदानाच्या भिंतीवर यशवंतचं नाव लिहायचं, खाली 'शंभर गोल'. टाळ्या वाजवायची जागा नव्हती, पण माना हलल्या. मी मागं बसलो होतो. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर उभं राहून त्याचा एक गोल काढून घ्यायचा, हे काय मला शोभलं असतं? मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तेवढ्यात कमलवहिनी वळल्या. "भाऊजी, तुमी सांगा. ह्यांनी घरीबी तेच सांगितलेलं हाय."

उठलो. जाळी, खांब, आमची नजरानजर, झरीचा तो रविवार, सगळं सांगितलं. 'शंभरबी पायजे होते मला' हेही सांगितलं. ते वगळलं असतं तर पुन्हा त्यांचा मोठेपणाच झाला असता. मग ऐंशीच्या घरातले रहीमचाचा भिंतीला धरून उभे राहिले. "म्हंजे..." ते म्हणाले, "आमी वीस वर्षं त्याच्या पिरमापायी त्यालाच खोटं पाडलं." आणि खाली बसले. वहिनी म्हणाल्या, "नव्व्याण्णवच लिहा."

गेल्या रविवारी पूर्णेला गेलो होतो. भिंत निळ्या अक्षरांत रंगवून झाली आहे. चाचा तिथंच कठड्यावर बसले होते, आणि पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून हिंडत आलेली दोन परगावची माणसं त्यांना विचारत होती, "शंभरला एक कमी? चुकलं का काय?" चाचांनी त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं. मी मागं उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "गोलकीपर खरं बोलायलता," ते म्हणाले, "आमीच ऐकलं न्हाई." पूर्णेत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी पुढं झालो नाही, त्यांना बोलू दिलं. त्यातल्या एकाला काही ते पटेना. शंभरावा गोल असा कोण सोडून देतं, म्हणाला. चाचा चिडले. स्टेशनकडं हात करून म्हणाले, "पटत न्हाई तर यशालाच इचारा ना! हॉटेलात बसला असंल बघा..."

आणि थांबले. ती दोघं खरंच हॉटेलाकडं बघायला लागली. मीही बघितलं.