घरातला नाताळ मी बंद केला

माझी बायको पेडगावची. तिच्या माहेरी ख्रिस्ती घरं मोजून सात, बाकी गाव हिंदू शेतकऱ्यांचं. दिवाळीत गावातून फराळाची ताटं त्या सात घरांत यायची आणि नाताळात ती भरून परत जायची. लग्न होऊन परभणीला आली तेव्हा तिनं हीच रीत आमच्या गल्लीत आणली. डिसेंबर लागला की शेजारणी विचारायच्या, "वहिनी, औंदा तुमचा सण कवा हाय?"

"आमचा सण हालत न्हाई बाई," ती हसून म्हणायची, "पंचवीसलाच असतो."

मी कृषी विद्यापीठात कारकून. चर्चमध्ये कायम मागच्या बाकावर बसणारा, प्रार्थनेला कुणी उभं करू नये म्हणून खाली बघणारा माणूस. मुलगी नऊ वर्षांची असताना मला मोबाइलवर एका उपदेशकाचे व्हिडिओ पाहायचा नाद लागला. तो म्हणायचा, येशूच्या जन्माची तारीख शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठंच नाही. रोमी लोक त्या दिवसांत सूर्याचा सण करायचे, तोच पुढं नाव बदलून आपल्या गळ्यात बांधला. येशू जन्मला तेव्हा मेंढपाळ रात्री रानात होते म्हणजे तो हिवाळा असूच शकत नाही. मी हादरलो. आणि खरं सांगायचं तर सुखावलोही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब ज्यावर कधी बोलत नव्हते असं काहीतरी पहिल्यांदाच मला ठाऊक झालं होतं.

बायकोला सांगितलं. ती करंज्यांसाठी खोबरं किसत होती. ती म्हणाली, "आमच्या शिवारात तर धनगर थंडीतच मेंढ्या बसवतेत. रात्रभर शेकोटी करून राखतेत. त्यात काय एवढं?"

"तुला त्यातलं काय कळतं? गप बस," मी म्हणालो.

पाळकसाहेबांकडंही गेलो. ते म्हातारे, शांत. म्हणाले, "तारीख ठाऊक नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. आठवण करायला एक दिवस लागतो, तो मंडळीनं ठरवला."

"मग खोटा दिवस का ठरवायचा?"

"खोटा नव्हे. ठरवलेला."

मला ती पळवाट वाटली. परभणीतच पाच कुटुंबं शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळायची, एका घराच्या माडीवर जमायची. नाताळ नाही, ईस्टर नाही, फक्त शास्त्रातले सण. आम्ही तिकडं जाऊ लागलो. त्या डिसेंबरात मी नाताळात दारावर लावायची चांदणी माळ्यावरून खाली काढली, कामट्या मोडल्या आणि बंबात घातल्या. मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. बायको दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी शास्त्र घेऊन बसली आणि स्वतः वाचायला लागली.

माझी बायको कुठलीच गोष्ट अर्धी करत नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तिनं फराळ थांबवला. पुढं दिवाळीची ताटंही हात जोडून परत पाठवायला लागली. शेजारणी आधी बुचकळ्यात पडल्या, मग यायच्या थांबल्या. माहेरचा नाताळ सुटला आणि त्याबरोबर माहेरही.

सात-आठ वर्षांनी माझाच जोर ओसरला. माडीवरच्या मंडळीत वल्हांडण हा शास्त्रातला सण कोणत्या संध्याकाळी पाळायचा यावरून भांडण लागलं. चंद्र डोळ्यांनी बघून ठरवायचं की छापील तक्त्यावरून? दोन कुटुंबं उठून गेली. मीही जरा इकडचं तिकडचं वाचलं, तर कळलं की त्या सूर्याच्या सणाबद्दल जाणत्या माणसांचंसुद्धा एकमत नाही. मी ज्याला पुरावा समजून घर उलटंपालटं केलं, तो एक अंदाज होता.

एका दुपारी बायको मेथी निवडत होती. मी म्हणालो, "आपण परत रविवारी चर्चला जाऊ या. माझं जरा चुकलंच."

ती निवडायची थांबली नाही. "तुमचं मन बदललं म्हणून देव बदलला का?"

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, थंडीतही मेंढ्या रानात असतात म्हणून."

"तवा तुमी गप बस म्हणलाव. मी गप बसले. आता मला बोलायला लावू नका."

तेव्हापासून मी रविवारी एकटा चर्चला जायला लागलो आणि ती शनिवारी एकटी माडीवर. मुलगी कधी माझ्याबरोबर यायची, कधी तिच्याबरोबर. पुढं कुणाबरोबरच जाईना.

मुलीचं लग्न नांदेडच्या मुलाशी ठरलं. माणसं रविवारच्या मंडळीतली. त्यांच्या सगळ्यांना सुट्ट्या नाताळाच्या आठवड्यातच, म्हणून सव्वीस तारीख धरली, आमच्याच चर्चमध्ये. बायको म्हणाली, नाताळाच्या सजवलेल्या झाडापुढं मी बसणार न्हाई. मी चर्चच्या पंचांच्या पाया पडलो. ते कुरकुरले, पण झाड उचलून मागच्या व्हरांड्यात ठेवायला तयार झाले. मी धावत घरी येऊन सांगितलं.

"झाड काढतील," ती म्हणाली, "तारीख कशी काढतील?"

मुलगी तिच्यासमोर बसली. "आई, मी तुझ्याकडं कधी काही मागितलं न्हाई. एक तास ये. डोळे मिटून बस."

"बाई, मला खोटं वागता येत न्हाई गं."

लग्नाच्या सकाळी तिनं मुलीची वेणी घातली, गजरा माळला, डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली. मग रिक्षा आली. आम्ही दोघं बसलो. ती उंबऱ्याच्या आत उभी होती. मुलीनं मागं वळून पाहिलं नाही. चर्चमध्ये पहिल्या बाकावर माझ्याशेजारची जागा रिकामी राहिली. पाळकसाहेबांनी एकदा त्या जागेकडं पाहिलं आणि पुस्तक उघडलं.

दोन महिन्यांनी मी नांदेडला मुलीकडं गेलो. तिच्या घरी एक पाहुणी आली होती. मुलगी मला पाणी देत असताना पाहुणीनं तिला सहज विचारलं, "आई हयात नाहीत का गं तुझ्या?"

"नाहीत," मुलगी म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली.

मी तांब्या खाली ठेवला. पाहुणीला काही सांगितलं नाही, मुलीला काही विचारलं नाही. बायकोला तर हे आजवर सांगितलं नाही. मुलीचे फोन आधी महिन्याला यायचे, मग सणासुदीला, आणि सण कुठला ते आमच्या घरात ठरलेलंच नाही.

माडीवरची मंडळीही आता मोडली. बायको शनिवारी पुढच्या खोलीत एकटी चटईवर बसते, एकटीच वाचते. मला कधी वाटतं, जाऊन शेजारी बसावं. पण मानत नसताना बसलो तर ती ओळखेल.

परवाच्या नाताळाला मी चर्चला जाऊन आलो. लोकांनी हात मिळवले, "वहिनी बऱ्या आहेत ना?" असं विचारलं. मी बऱ्या आहेत म्हणालो. घरी आलो तर तिनं रोजच्यासारखीच भाकरी आणि वरण करून ठेवलं होतं. मी हात धुऊन बसलो.

"तिचा फोन आलता का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"कामात असंल," ती म्हणाली आणि माझ्या ताटात वरण वाढलं.