मुठीएवढं जनावर, साडेतीन फूट जागा

आमच्या भागात 'पिंजरा' असं नुसतं म्हटलं तरी समोरचा माणूस हातातलं काम बाजूला ठेवतो आणि विचारतो, "कुठं दिसला?" बिबट्याच्या मुलखात राहायचं म्हणजे हे आलंच. गेल्या वर्षी मी आठवडाभर पिंजऱ्याच्या मागे होतो. त्या आठवड्यात पिंपळवंडीतल्या निदान सात-आठ घरांनी माझं बोलणं अर्धवट ऐकून आपापली कुत्री घरात घेतली.

मला पिंजरा हवा होता तो हॅमस्टरसाठी.

हॅमस्टर म्हणजे शेपूट लावायची राहून गेलेला, गालात धान्य साठवणारा, मुठीत मावणारा उंदीर. ही व्याख्या माझी. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती, तिला ती मान्य नाही. तिच्या वाढदिवसाला माझ्या धाकट्या बहिणीनं पुण्याहून दोन हॅमस्टर आणले, एक तपकिरी, एक पांढरा. मुलगी त्यांची नावं रोज बदलायची, म्हणून इथं रंगानंच ओळखू. सोबत दुकानदारानं दिलेला पिंजरा होता. बुटाचा खोका जेवढा, तेवढाच. फक्त बुटाला आत झोका नसतो, याला होता.

रविवारी दुपारी ते आले आणि सोमवार उजाडेपर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीचा लोहारवाडा झाला. तपकिरी दातांनी पिंजऱ्याची तार धरायचा आणि कर्रर्र, कर्रर्र असं चावत सुटायचा. पांढरा त्याच्या जवळ गेला की दोघं उभे राहून एकमेकांना थोबाडायचे. त्याच खोलीत माझ्या बायकोचं शिलाई मशीन. आठवड्यात अकरा ब्लाउज द्यायचे होते. मंगळवारी तिनं कात्री खाली ठेवली. ती कात्री खाली ठेवते तेव्हा घरात सगळे सरळ बसतात.

"वन्सं रविवारी बाजरीचं पोतं न्यायला येणारेत ना? तोवर हे गप झाले तर राहतील. नाय तर त्यांच्याच गाडीतनं परत. दुकानदार परत घेतो म्हणालाय, मी फोन करून विचारलं."

मुलगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "दोघं पण?"

"दोघं पण."

रविवारपर्यंत पाच दिवस उरले होते. मुलीनं मोबाइलवर बरंच काही पाहून ठेवलं होतं. ती वहीत आकडे लिहून माझ्यापुढे उभी राहिली. "पप्पा, पिंजरा लहान आहे म्हणून तो तार चावतो. त्याला रोज खूप पळायला लागतं. लांबी साडेतीन फूट, रुंदी पावणेदोन फूट. आणि ते पण एकट्याला. दोघांना दोन."

माझे वडील ओसरीवर बसून ऐकत होते. माझ्या आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. वडिलांचं लहानपण कळपामागे चालण्यात गेलं. आता कांदा आणि ऊस करतात, पण जनावराचा विषय निघाला की ते अजून हातात काठी असल्यासारखे बोलतात.

"मुठीएवढं जनावर, आन साडेतीन फूट? मग आपल्या म्हशीला काय ग्रामपंचायत द्यायची ऱ्हायाला?"

"आबा, तो रानात लांब लांब फिरतो."

"पोरी, मी शंभर-शंभर मेंढरं कोंडल्यात वाघरीत." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. "तिचा नियम एकच. जाळी जवळ घ्यायची. जागा मोकळी ऱ्हायली की मेंढरू उठतं, फिरतं, दुसऱ्याला ढुशी देतं. दाट बसवलं की एकमेकाच्या उबंला गप पडतं. हितं उलटं झालंय. जागा लई झाली ह्यांना."

आता इथं माझी चूक मी कबूल करतो, कारण ती करताना मी फार उठून दिसलो होतो. मी जत्रेतल्या नाटकांत काम करतो. बहुधा सेनापती, एकदा विश्वामित्र. चांगला संवाद कानावर पडला की मला राहवत नाही. मी उठलो, उपरणं खांद्यावर टाकलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान विरुद्ध मोबाइल या विषयावर असं भाषण केलं की शेजारीण दुधाचं भांडं घेऊन ऐकत उभी राहिली. आमच्या घराण्यानं सह्याद्रीच्या कड्यावरून मेंढरं उतरवलीत, तिथं हे दोन उंदीर काय! टाळ्या पडल्या नाहीत, पण वडिलांनी मान डोलावली. मग आम्ही बापलेकांनी पिंजऱ्यात पुठ्ठ्याची आडभिंत सरकवून जागा निम्मी केली आणि वर गोणपाट टाकलं. ऊब हवी ना!

पाव तास शांतता. वडील माझ्याकडे बघून हसले. मग आतून जो आवाज आला तो मी एवढ्याशा जनावराकडून अपेक्षिलाच नव्हता. गोणपाट काढून पाहतो तर दोघांचा गोळा झालेला, कुणाचा पाय कुठला ते कळेना. मी चामड्याचे हातमोजे घालून सोडवलं. पांढऱ्याच्या कानाचा टवका उडाला होता आणि पुठ्ठ्यावर रक्ताचे दोन ठिपके होते.

मुलीनं ते ठिपके पाहिले. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर आम्हा दोघांशी बोलणं बंद. जेवताना भाजी हवी असली तरी आईला सांगायची, "पप्पांना सांग भाजी सरकवा." मी तिच्या ताटापासून वीतभर अंतरावर होतो.

दोघांना लगेच वेगळं करायचं होतं. पांढऱ्याला मी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवलं. आमच्याकडे घरटी चार क्रेट असतात आणि त्यांत टोमॅटो सोडून सगळं ठेवलेलं असतं. पण टोमॅटो आपणहून बाहेर पडत नाही. हा दहा मिनिटांत फटीतून निसटला आणि शिवायला आलेल्या अस्तराच्या गठ्ठ्यात सापडला. शेवटी त्याला पुरणाच्या मोठ्या पातेल्यात ठेवलं आणि वर गव्हाची चाळण. बायकोनं ते पाहिलं. कात्री पुन्हा खाली ठेवली.

बुधवारी मी वारूळवाडीला वेल्डिंगवाल्याकडे गेलो. ओळखीचा माणूस, गेट बनवतो, खिडक्या बनवतो, आणि आमच्या भागात जो पिंजरा म्हणजे पिंजरा, तोही बनवतो.

"भाऊ, पिंजरा पाहिजे."

त्यानं वेल्डिंग थांबवलं, काळा चष्मा कपाळावर चढवला. "कुठं दिसला?"

"दिसला नाय, घरातच आहे. दोन आहेत."

"घरात?" तो दोन पावलं मागे सरला. "आन तुमी स्कुटरवर फिरताय?"

मी मुद्दाम दोन मिनिटं खुलासा केला नाही. हे माझ्या स्वभावात आहे. त्यानं घाईघाईनं चौकशी सुरू केली. नर का मादी? दार वरून पडणारं पाहिजे का? बकरीसाठी मागं वेगळा कप्पा ठेवायचा का? चाकं लावू का? मी गंभीरपणे म्हणालो, चाक एक हवं, पण आत. त्याला पळायला. मग तळहात पुढे करून आकार दाखवला.

तो इतका हसला की शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून त्याला पुन्हा सांगायला लावलं. हसणं थांबल्यावर त्यानं बारीक जाळीचे दोन तुकडे काढले. त्याच्या भोकात करंगळीचं टोकही जात नव्हतं. "जाळी घिऊन जा राव. पण पिंजरा रविवारपर्यंत न्हाई व्हायचा, द्राक्षाच्या मांडवाचं काम हाय. आन खरं सांगू? आमी बांधतो तो धरायचा पिंजरा. त्यात जनावर शिरंल, चार तास कळ काढंल. ऱ्हायाला कोन ऱ्हातंय त्यात?"

जाता जाता ऐकलेलं ते वाक्य खोडदच्या बाजूला एका पाहुण्याला भेटून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात वाजत राहिलं.

घरी आलो तर वडील ओसरीवर नव्हते. बैठकीत, तपकिऱ्याच्या पिंजऱ्यापुढे पाटावर बसले होते. मला बोटानं गप म्हणाले. तपकिरी एका कोपऱ्यातून निघायचा, तार चावायचा, वळायचा, त्याच वाटेनं त्याच कोपऱ्यात. पुन्हा निघायचा. वडील किती वेळ बघत होते कोण जाणे.

"मागल्या साली आपल्या उसाच्या कडंला बिबट्या घावला व्हता, त्याला पिंजऱ्यात बघितला व्हता का तू?"

"बघितला होता."

"असाच करत व्हता. हाच कोपरा, हाच फेरा." त्यांनी पाट मागे सरकवला. "हे मेंढरू न्हाई, लेका. हे एकट्यानं हिंडणारं हाय. त्याला उबंला कोन नगं, हद्द लागती." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, माझ्या वडिलांनी आवाज चढवून माघार घेतली. "पोरी! किती फूट म्हणलीस?"

आतून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "साडेतीन. पावणेदोन."

आम्ही टेप घेऊन घर मोजायला निघालो. दिवाणाखाली अंधार, फडताळ अरुंद, धान्याची कोठी गोल. टेप फिरत फिरत माझ्या शोकेसपाशी आली आणि थांबली. उंची चार फूट, रुंदी दोन फूट, खोली सव्वा फूट. आत माझी बक्षिसं, पंचवीस वर्षांची. त्यांतली बहुतेक उत्तेजनार्थ, पण माणूस उत्तेजित राहिला ना!

"आडवं केलं तर बसतंय," वडील म्हणाले.

"आबा, ते शोकेस आहे."

"मग? हे बघण्यासारखं न्हाई का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. कालपासून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. तिच्या त्या बघण्यापुढे सेनापतीनं तलवार खाली ठेवली. आम्ही बक्षिसं गोणीत भरली, काचा काढल्या, फळ्या काढल्या, शोकेस पाठीवर झोपवलं. तळाला वीतभर कागदाचे कपटे आणि मऊ वाळलेलं गवत भरलं. सुताराकडचा बारीक भुसा मी आणला होता, तो मुलीनं परत पाठवला, म्हणे धुळीनं त्याला शिंका येतात. पळायचं चाकही दुकानदारानं दिलेलं चालेना. त्यात त्याची पाठ वाकडी होते. मग बायकोच्या नकळत पिठाचा मोठा डबा घेतला, त्याचं झाकण काढून तो आडवा फिरेल असा बसवला. वर बारीक जाळी.

तपकिऱ्याला आत सोडलं. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळाला. परत पळाला. मग गवतात तोंड खुपसलं आणि गायब झाला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तार चावायचा आवाज नाही, कारण चावायला तारच नव्हती. शनिवारी दुपारी बायकोचं मशीन अचानक थांबलं. "अहो, हे इतकं गप कसं? मेलं की काय?" ती स्वतः उठली, जाळी उचलली, गवत बोटानं बाजूला केलं. खाली त्यानं बोळ केला होता आणि बोळाच्या शेवटी, कपट्यांबरोबर आत गेलेल्या लाल अस्तराच्या चिंधीवर, तो झोपला होता. तिनं गवत होतं तसं सारखं केलं. "चिंधी माझी होती," ती म्हणाली आणि मशीनवर बसली.

पण घरात साडेतीन फुटाची वस्तू आम्हाला एकच सापडली होती. रविवारी बहीण आली तेव्हा तपकिरी राहणार हे ठरलं होतं आणि पांढरा पातेल्यात होता. मुलीनं त्याला त्या बुटाच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्यात ठेवलं, गाडीपर्यंत स्वतः न्यायचा म्हणून तो उचलला आणि दारात उभी राहिली. त्यानं लगेच तार धरली. कर्रर्र.

बायकोनं तो आवाज ऐकला. ती उठून आतल्या खोलीत गेली. आतून धपाधप गोधड्या पडल्याचा आवाज आला. मग फरशीवरून काहीतरी घसटत आलं. तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी, आम्ही दोघांनी मिळून उचलली तरी कंबर धरणारी.

"मोजा," ती मला म्हणाली.

पावणेचार फूट. पावणेदोन फूट.

"वहिनी, अगं गोधड्या कुठं ठेवशील?" बहीण म्हणाली.

"बघू. पातेलं मात्र माझं आधी घासून द्या."

बहीण बाजरीचं पोतं घेऊन एकटी गेली. पेटीचं झाकण काढून वर जाळीचा दुसरा तुकडा बसवला. दोन खोल्यांत आता दोन हद्दी आहेत आणि मधे बायकोचं मशीन चालतं. रिकामा राहिला तो दुकानातला पिंजरा. मुलीनं तो धुऊन पुसून माझ्यापुढे ठेवला आणि गोणीतली माझी सगळी बक्षिसं एकावर एक त्यात रचली. दार लागत नव्हतं, वडिलांनी गुडघ्यानं दाबून लावलं.

"बघ," ते म्हणाले, "कशी दाटीनं गप बसल्यात."