'गेट'चा पाढा

इंग्रजी शिकवणाऱ्याकडे विद्यार्थी टिकत नाहीत, किस्से मात्र मुक्कामाला येतात. बेसाला माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. तिथं एवढे किस्से साठलेत की हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळत नाही!

*

फ्रेजल व्हर्ब शिकवत होतो. 'गेट'पुढे 'अप' लागलं की उठणं, 'आउट' लागलं की चालतं होणं. बॅचमधल्या कुंदाताई वैतागल्या. "सर, एकट्या 'गेट'ले एवढ्या शेपट्या काहून जी? आमच्या गोऱ्ह्याले एकच होती!"

*

शेवटी मी त्याचा पाढाच केला. एकानं पुढे उभं राहून म्हणायचं, मागून सगळ्यांनी. गेट अलाँग, गेट अवे, गेट बॅक... अगदी शेवटी गेट अप. बॅचला तोंडपाठ झाला. मी खूश! मग प्रवीणला मधलंच 'गेट ऑफ' विचारलं.

"मधूनच कसं सांगू सर? पहिल्यापासून येऊन राहिलो नं, थांबा!"

*

कुंदाताईंना नवऱ्याला इंग्रजीतून उठवायचं होतं. त्यांनी उशाशी उभं राहून पाढा सुरू केला.

"'अप' शेवटी येते नं सर! 'गेट आउट'लेच ते बॅग घेऊन कोराडीले बहिणीकडे गेले!"

*

प्रवीणच्या मात्र हा पाढा जिवाशी आला. घर उमरेडच्या विणकरांचं, माग कधीच बंद पडलेले. कॉल सेंटरची नोकरी लागली तरच रामटेकचे होणारे सासरे लग्नाची तारीख काढणार होते. पहिल्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, सकाळी किती वाजता गेट अप करता? गड्यानं पाढा धरला. 'अप' येईपर्यंत पुढचा उमेदवार खुर्चीत बसला होता! इतका हताश मी कधीच झालो नव्हतो.

*

दुसरा इंटरव्ह्यू फोनवर होता. घरी गलका, म्हणून प्रवीण क्लासमध्येच बसला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून त्यानं स्पीकर लावला. बॅच मागे बसली. आणि काय सांगू, पोरगा कुठेही न अडखळता बोलला! साहेबही खूश झाले. माझे डोळे भरून आले.

फोन ठेवण्याआधी साहेबांनी इंग्रजीतच विचारलं, शेजारी बसून कुणी मदत तर करत नाही ना?

प्रवीण पाढ्याच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "नोबडी, सर!"

आणि मागून अख्खी बॅच एका सुरात, "नोबडी, सर!"