त्रेचाळीस रकाने

अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे नागसेन वानखडे सरकारी नोकरी सांभाळून बारा वर्षं एक सॉफ्टवेअर चालवत होते. गावोगावच्या वाचनालयांसाठी असलेलं 'ग्रंथपेटी'. ओपन सोर्स असल्यानं कोणीही त्यात बदल सुचवू शके, पण तो घ्यायचा की नाही ते नागसेन ठरवत. त्यांच्यानं नाही म्हणवत नसे. कोणी वाळवीची नोंद मागितली, एक रकाना वाढला. कोणी वाचकाच्या चष्म्याचा नंबर मागितला, तोही आला. असं करता करता एक पुस्तक घरी द्यायला त्रेचाळीस रकाने भरावे लागू लागले. नागसेनना याचा अभिमानच होता.

हिवरखेडच्या वाचनालयात काम करणाऱ्या नगमानं ते सहावर आणणारा बदल पाठवला. नागसेननी तो तासाभरात नाकारला. तीनदा असं झाल्यावर तिनं फोन केला.

"सर, काहून नाकारून राहिले तुमी?"

"एकेका रकान्यामागं माणूस आहे, नगमा. त्याले काय सांगू?"

"मंग एक दिवस माह्या खुर्चीवर बसा."

रविवारी ते बसनं हिवरखेडला गेले. पहिल्या आल्या इंदूबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका. त्यांना शेळीपालनाचं पुस्तक हवं होतं. नागसेन रकाने भरू लागले. चष्म्याचा नंबर विचारताच इंदूबाईंनी चष्माच काढून दिला.

"तुमीच पाहा बापा. मले त्याच्याबिगर दिसत नाही."

एकोणतिसाव्या रकान्याला चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सगळं पुसलं गेलं. ते पुन्हा पहिल्यापासून भरू लागले. इंदूबाई चष्मा परत घेऊन पुस्तकासह बाकावर जाऊन बसल्या. फॉर्म पुरा झाला, तेव्हा त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे झालं वाचून. दुसरं द्या."

नगमा हसली नाही. तेच नागसेनना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा बदल घेतला. चष्म्याचा रकाना मागणाऱ्या वाचनालयाचं रागाचं पत्र आलं. नागसेननी नोंदी तपासल्या, तर त्या वाचनालयानं तो रकाना सात वर्षांत एकदाही भरला नव्हता. तरी दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या महिन्यात अमरावतीच्या एका वाचनालयाचा निरोप आला. त्रेचाळीस रकान्यांना कंटाळून तिथले लोक वहीकडे वळले होते. आता पुन्हा ग्रंथपेटी वापरून पाहतो म्हणाले.