साहेबांच्या नावाचं लॉगिन

“मेंढक्याच्या पोरीच्या हाती किल्ल्या? उद्या सगळं रान चारून टाकंल!”

कॉम्प्युटर विभागाचे साहेब बोलले आणि अख्खा विभाग हसला. मीही हसले. त्याची लाज आजही वाटते.

साखर कारखान्यातली माझी पहिलीच नोकरी. ऊस नोंदणीचं ॲप आणि त्यामागचा डेटाबेस सांभाळायचा. कुणी उसाची लागण कधी केली ती तारीख त्यात असते आणि तारखेप्रमाणे तोडीची पाळी येते. मी फक्त माझ्या नावाने डेटाबेसात काम करायची परवानगी मागितली होती. साहेब म्हणाले, “तुला नुसतं बघायचा हक्क. बदल करायचा आसंल तर माझ्या नावानं कर. पासवर्ड सांगतो.”

शाळेत तेच. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून बाईंनी दाराशी बसवलं होतं. आमचं गाव आटपाडीकडचं, कोरडं. आबा म्हणायचे, “शिकलीस की आत बसशील.” शिकले. आत आले. तरी दाराशीच.

तीन वर्षं साहेबांच्या नावाने राबले. ॲपही त्याच नावाने चाले. कारखान्याच्या शेतकी खात्यातले चौघे त्याच नावाने आत शिरत. कुणी काय लिहिलं, काय पुसलं, डेटाबेसला एकच माणूस दिसायचा. हे चुकीचं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. भ्याले. गप्प बसले.

मग वाईकडच्या एक काकू आल्या. त्यांच्या उसाला तुरे येऊन वजन घटत होतं, तरी तोड नव्हती. हातातल्या नोंदीच्या पावतीवर जून. स्क्रीनवर ऑगस्ट. त्यांच्या पाळीला साहेबांच्या मेव्हण्याचा ऊस गेला होता.

“जूनात लावल्याला ऊस आगष्टात कसा उगवला, बाई?” काकूंनी मलाच विचारलं.

कार्यकारी संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. “बदल हीच करती. समद्यांना म्हाईत हाय.”

माहीत होतंच. चौघे आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसले. संचालक मला म्हणाले, “काकूंची माफी माग. विषय मिटव.”

तारीख कोणत्या दिवशी बदलली ते डेटाबेसात दिसत होतं; त्या दिवशी मी कारखान्याच्या मेढ्यातल्या गट ऑफिसात टॅबवर ॲप बसवत होते. एवढंच सांगितलं असतं तर मी सुटले असते. पण उद्या त्याच नावाखाली दुसरं कुणी अडकलं असतं.

“माफी मागणार न्हाई,” मी म्हणाले. “तारीख बदलली त्या दिवशी मी मेढ्यात हुते, हजेरी बघा. आणि आजपासनं दुसऱ्याच्या नावानं एक अक्षर लिवणार न्हाई. ज्याचं काम, त्याचं नाव. तसं करायचा हुकूम लेखी द्या. न्हाईतर काकूंसंगं भाईर जाऊन समद्यांना सांगते.”

बाहेर पाळीसाठी आलेली पन्नासेक माणसं बसली होती. संचालकांनी खिडकीतून बघितलं आणि सही केली.

दोन दिवस मान वर केली नाही. हुकमाप्रमाणे आधी माझं नाव घातलं, मग चौघांना चार नावं दिली. ॲपला नवी नोंद घालता येईल, जुनी तारीख बदलता येणार नाही. दुरुस्ती शेतकी अधिकारी करतील, पावती बघून, स्वतःच्या नावाने. मुख्य पासवर्ड बदलला आणि पाकिटात घालून संचालकांच्या कपाटात ठेवला. साहेबांचं काम काय? अहवाल बघणं. मग तेवढंच.

काकूंची तारीख जूनवर आली. उसाचं वजन घटलं ते घटलंच. मेव्हण्याला कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब ओरडत आले. “हे काय? परवानगी न्हाई म्हणतंय!”

“बरोबर म्हणतंय, साहेब. तुमाला नुसतं बघायचा हक्क.”

या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही.

आता माझ्या बदलीची कुजबुज आहे. रात्रंदिवस डोक्यात तेच. करा बदली. जाईन तिथे माझ्या नावाने बसेन, आणि माझ्यानंतर येणाऱ्या पोरीला पहिल्याच दिवशी तिच्या नावाची किल्ली देईन. तुमच्या पापाला माझा हात आता मिळणार नाही.